स्वतः लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्ट म्हणून कशी चालवावी? (सोलापूर, कॉलेजच्या लॅबसाठी)

होटगीकर
नमस्कार मंडळी. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना यंदा ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात स्वतःचं छोटं कर्नल (सिस्टिमचा गाभा) लिहायला लावायचं ठरतंय. ३२-बिट, सी आणि थोडी असेम्ब्ली. स्क्रीनवर मजकूर, टायमर, कीबोर्ड, जमलं तर डिस्कवरची एखादी फाइल वाचणं, एवढाच आवाका. खऱ्या मशीनवर चढवायचं नाही, व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवायचं. लॅबमध्ये निम्म्या मशीनवर विंडोज ११, निम्म्यांवर उबुंटू, रॅम सगळीकडे ८ जीबी.

उबुंटू गेस्ट म्हणून टाकायचं असेल तर नेटवर ढिगाने व्हिडिओ आहेत. सिस्टिम आपलीच असली की त्यातलं फारसं काही लागू पडत नाही. गेस्ट ॲडिशन्स नाहीत, ड्रायव्हर नाहीत, यादीत आपल्या सिस्टिमचं नावही नाही. म्हणून विचारतो: व्हर्च्युअल मशीन चालवायला व्हर्च्युअलबॉक्स घ्यावं की क्यूएमू? मशीन बनवताना कोणती उपकरणं निवडावीत? आयएसओ करावी की डिस्क इमेज? आणि स्क्रीन काळी पडली की शोधायला सुरुवात कुठून करायची? माझा कल व्हर्च्युअलबॉक्सकडे आहे, कारण मुलांना बटणांची सवय आहे.

पार्क_चौक
क्यूएमू. दुसरा विचारच करू नका.

भुईकोट
पार्क_चौक, इतकं एका शब्दात उडवून लावू नका. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स पाच मिनिटांत उभं राहतं आणि मुलगा घरी जाऊनही तेच वापरतो. होटगीकर, सेटिंग असं ठेवा: प्रकार ‘अदर’, आवृत्ती ‘अदर/अननोन’. रॅम ६४ एमबी पुरे. ईएफआयची (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर, यूईएफआय) खूण काढलेली. चिपसेट पीआयआयएक्स३, डिस्क कंट्रोलर आयडीई (पीआयआयएक्स४), पॉइंटिंग डिव्हाइस ‘पीएस/२ माउस’. ऑडिओ आणि यूएसबी दोन्ही बंद. कारण सरळ आहे: ज्याचा ड्रायव्हर आपण लिहिणार नाही ते उपकरण मशीनमध्ये असूच नये. मग सिरीयल पोर्टच्या पानावर पोर्ट १ चालू करा, कॉम१, मोड ‘रॉ फाइल’, खाली फाइलचा मार्ग. हे शेवटचं लोक हमखास विसरतात आणि मग काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात.

हातमाग
होटगीकर, दोन्ही घ्या, पण काम वाटून द्या. रोजचं लिहिणं-तपासणं क्यूएमूवर, आणि टप्पा पूर्ण झाला की तीच आयएसओ व्हर्च्युअलबॉक्सवर. आपण लिहिलेली सिस्टिम सुरुवातीला दर दोन मिनिटांनी मरते. ती का मेली हे सांगणारं साधन हवं, आणि ते काम क्यूएमू जास्त चांगलं करतं. शिवाय ते एका ओळीत सुरू होतं, म्हणजे मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांची फाइल) ‘मेक रन’ म्हणून बसवता येतं:

क्यूएमू-सिस्टिम-आय३८६ -मशीन पीसी -एम ६४ -सीडीरॉम ओएस.आयएसओ -सिरीयल एसटीडीआयओ -नो-रीबूट -नो-शटडाउन

यातल्या प्रत्येक शब्दाला कारण आहे. ‘-मशीन पीसी’ म्हणजे जुना आय४४०एफएक्स चिपसेट, ज्यावर आयडीई डिस्क ०एक्स१एफ० या पोर्टवर सापडते. क्यू३५ घेतलंत तर डिस्क एएचसीआयवर (साटा डिस्कची नवी पद्धत) जाते आणि ०एक्स१एफ७ वाचलं की ०एक्सएफएफ मिळत राहतं. मुलं मग स्वतःच्या कोडमधली चूक शोधत बसतात, जी तिथे नसतेच. व्हर्ट-मॅनेजर (क्यूएमू बटणांनी चालवायचं साधन) वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावं, कारण ते नव्या मशीनला क्यू३५ देतं. इन्स्टॉलच्या आधी ‘कस्टमाइझ’ची खूण करून तिथे चिपसेट बदला.

‘-सिरीयल एसटीडीआयओ’ने गेस्टचा कॉम१ थेट टर्मिनलवर येतो. ‘-नो-रीबूट -नो-शटडाउन’ जोडीने द्यायचं, म्हणजे ट्रिपल फॉल्ट (फॉल्ट हाताळतानाच पुन्हा पुन्हा फॉल्ट होऊन प्रोसेसर हात टेकतो तो) झाल्यावर मशीन रीसेट न होता जागच्या जागी थांबतं. मग व्ह्यू मेनूतून मॉनिटर उघडायचा आणि ‘इन्फो रजिस्टर्स’ विचारायचं. हे दोन शब्द नसतील तर स्क्रीन नुसती लुकलुकत राहते, ग्रब (कर्नल उचलणारा बूटलोडर) येतं-जातं, ग्रब येतं-जातं, आणि हाती काही लागत नाही.

निळी_चादर
हातमाग +१. क्यू३५ चा मुद्दा सोन्यासारखा आहे.

एक भर. सिस्टिम ३२-बिट असेल तर आय३८६ वालंच क्यूएमू वापरा, एक्स८६_६४ वालं नको. कर्नल त्यावरही चालतं, पण जीडीबी (डीबगर) जोडलं की ‘रिमोट जी पॅकेट रिप्लाय इज टू लाँग’ म्हणून तक्रार येऊ शकते, कारण दोघांची रजिस्टरची कल्पना जुळत नाही.

कडक_भाकरी
नाव काय ठेवणार सिस्टिमचं? आमचं नाव वापरायला परवानगी आहे. लवकर मोडत नाही, महिनाभर टिकते. :)

होटगीकर
कडक_भाकरी, मुलांना सुचवतो, शेंगाचटणी नावाचा एडिटरही करायला लावू. :)

हातमाग, भुईकोट, खूप आभार. आता आयएसओचं सांगा. उबुंटूवर ग्रब-एमकेरेस्क्यूने आयएसओ बनते, आज्ञा काही तक्रार करत नाही, पण क्यूएमूत ‘कुड नॉट रीड फ्रॉम सीडीरॉम, कोड ०००९’ येतं. फाइल तर धड दिसते.

हातमाग
फाइल धडच आहे, पण ती फक्त यूईएफआयसाठी बनली आहे. उबुंटू यूईएफआयमधून बसवलेलं असेल तर ग्रबचे बायोसचे भाग मशीनवर नसतात, आणि ग्रब-एमकेरेस्क्यू जे सापडेल तेवढंच मुकाट्याने आयएसओत घालतं. क्यूएमूचं डिफॉल्ट फर्मवेअर सीबायोस, त्याला त्यात बूट होण्याजोगं काही दिसत नाही. ‘ग्रब-पीसी-बिन’ पॅकेज टाका, सोबत ‘झोरिसो’ आणि ‘एमटूल्स’ आहेत का बघा, आणि आयएसओ पुन्हा बनवा.

आयएसओ बनवण्याआधी ‘ग्रब-फाइल --इज-एक्स८६-मल्टिबूट कर्नल.बिन’ चालवायची सवय लावा. ती आज्ञा बोलत काहीच नाही, उत्तर एक्झिट कोडमध्ये असतं: ० म्हणजे मल्टिबूटचं हेडर (ज्यावरून ग्रब कर्नल ओळखतं) सापडलं. मेकफाइलमध्ये घातली की हेडर हरवल्या क्षणी बिल्ड थांबतं.

गड्डा_यात्री
हेडर हरवतं कसं तेही लिहायला हवं, कारण कोड बरोबर असूनही हरवतं. मल्टिबूट १ ची खूण ०एक्स१बीएडीबी००२ ही फाइलच्या पहिल्या ८१९२ बाइटमध्ये आणि ४ च्या पटीतल्या जागी असावी लागते. आजकालचा लिंकर बिल्ड-आयडी आणि ‘.नोट’ नावाचे सेक्शन आपणहून पुढे घालतो. त्यांच्यामुळे हेडर पुढच्या पानावर ढकललं जातं आणि ग्रब ‘नो मल्टिबूट हेडर फाउंड’ म्हणतं. लिंकर स्क्रिप्टमध्ये हेडरचा सेक्शन सगळ्यात वर ठेवा, ‘--बिल्ड-आयडी=नन’ द्या आणि ‘.नोट’ सेक्शन ‘/डिस्कार्ड/’मध्ये टाका.

मल्टिबूट २ वापरणार असाल तर खूण वेगळी (०एक्सई८५२५०डी६), मर्यादा ३२७६८ बाइट, आणि जागा ८ च्या पटीत. ग्रबच्या कॉन्फिगमध्येही ‘मल्टिबूट’ऐवजी ‘मल्टिबूट२’ लिहावं लागतं. दोन्हीचं मिश्रण केलं की तासभर जातो.

जुळे_सोलापूर
आयएसओची गरजच काय? क्यूएमूला ‘-कर्नल कर्नल.बिन’ दिलं की ते मल्टिबूट कर्नल थेट उचलतं. ग्रब नको, झोरिसो नको.

हातमाग
खरं आहे, आणि पहिल्या आठवड्यात मुलांना तेच द्यावं. पण तीन अटी लक्षात ठेवा. एक, ते फक्त मल्टिबूट १ समजतं. दोन, ६४-बिट ईएलएफ (लिंकरने बनवलेली कर्नलची फाइल) दिली तर ‘३२-बिट द्या’ म्हणून नाकारतं. तीन, हेडरमध्ये ग्राफिक्स मोड मागितला असेल तर ‘मल्टिबूट नोज व्हीबीई, वी डोन्ट’ असा संदेश येतो आणि तो मोड मिळत नाही. शिवाय हा मार्ग व्हर्च्युअलबॉक्सला नाही. म्हणून मेकफाइलमध्ये दोन लक्ष्यं ठेवा: घाईसाठी ‘रन’, आणि आयएसओसाठी ‘रन-आयएसओ’.

अक्कलकोट_रोड
थोडं विषयांतर. आमच्याकडे एमआयडीसीत बिल्डरूटने बनवलेली छोटी लिनक्स पॅनेलवर चालते. ती पॅनेलवर टाकण्याआधी तपासायची असेल तर हेच सगळं लागेल का?

निळी_चादर
नाही, तुमचं काम सोपं आहे. बिल्डरूटमध्ये क्यूएमूसाठीचं तयार डेफकॉन्फिग आहे, ते घेऊन बघा. ‘-कर्नल बीझेडइमेज -इनिटआरडी रूटएफएस.सीपीआयओ -अपेंड "कन्सोल=टीटीवायएस०" -नोग्राफिक’ इतक्यात चालू होईल. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. ‘-नोग्राफिक’सोबत ‘-सिरीयल एसटीडीआयओ’ पुन्हा देऊ नका, एसटीडीआयओ दोघांना वापरता येत नाही म्हणून भांडतं. मात्र पॅनेलचा प्रोसेसर आर्म असेल तर एक्स८६ वर तपासून फक्त ॲप्लिकेशनचा अंदाज येईल, ड्रायव्हरचा नाही.

भुईकोट
मूळ विषयावर येऊ. विंडोजवाल्या निम्म्या लॅबचं काय? क्रॉस कंपायलर, झोरिसो, ग्रब हे सगळं विंडोजवर बसवणं म्हणजे मुलांचा पहिला महिना त्यातच जाणार.

पार्क_चौक
डब्ल्यूएसएल२, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय. विंडोज ११ मध्ये त्यात ग्राफिक्सची सोय आतच आहे, त्यामुळे क्यूएमूची खिडकी थेट विंडोजच्या डेस्कटॉपवर उघडते. दोन्हीकडे उबुंटू, दोन्हीकडे तीच मेकफाइल, शिक्षकाला एकच चिठ्ठी वाटायची. तुमची लाडकी व्हर्च्युअलबॉक्सही शेजारी ठेवा, पण डब्ल्यूएसएल२ चालू असताना ती हायपर-व्हीवर (विंडोजची स्वतःची व्हर्च्युअलायझेशन) स्वार होऊन चालते, खिडकीच्या तळाशी कासवाचं चित्र दिसतं आणि वेग पडतो. छोट्या कर्नलला फरक पडत नाही.

आणि बायोसमध्ये व्हीटी-एक्स (प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची मदत) बंद असलेली मशीन असतील तर? काही अडत नाही. क्यूएमूचं टीसीजी इंजिन सूचना सॉफ्टवेअरमध्येच भाषांतरित करून चालवतं, त्याला हार्डवेअरची मदत लागत नाही. डब्ल्यूएसएल२ ला मात्र ते चालू लागतं. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड’ दिसतंय का ते आधी प्रत्येक मशीनवर बघून घ्या.

गड्डा_यात्री
उबुंटूच्या बाजूला उलटी अडचण येते. लिनक्स कर्नल ६.१२ पासून केव्हीएम (लिनक्सची हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन) मॉड्यूल लोड होताच व्हीटी-एक्सचा ताबा घेतं, मग व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची त्रुटी देऊन सुरूच होत नाही. कर्नलच्या बूट ओळीत ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०’ घाला, किंवा तेवढ्यापुरतं केव्हीएम_इंटेल मॉड्यूल काढा.

होटगीकर
टीसीजी की केव्हीएम? वेगासाठी केव्हीएमच द्यावं ना?

हातमाग
शिकताना टीसीजीच. कर्नल काही शे केबीचं, वेग कुणाला हवाय? आणि खरं शस्त्र टीसीजीतच चालतं: ‘-डी इंट,सीपीयू_रीसेट -डी लॉगफाइल’. यातला दुसरा ‘डी’ मोठ्या लिपीतला, तो फाइलचं नाव घेतो. केव्हीएममध्ये इंटरप्ट थेट प्रोसेसर हाताळतो, त्यामुळे हा लॉग जवळजवळ रिकामा राहतो. जीडीबीसाठी ‘-एस’ दोनदा, एकदा लहान आणि एकदा मोठं: लहान पोर्ट १२३४ उघडतं, मोठं पहिल्या सूचनेआधी मशीन थांबवून ठेवतं. केव्हीएमवर असाल तर बूटच्या वेळी साध्या ‘ब्रेक’ऐवजी ‘एचब्रेक’ वापरा, कारण साधा ब्रेकपॉइंट मेमरीत लिहिला जातो आणि नंतर ग्रब त्याच जागी कर्नल उतरवतं.

तो लॉग वाचायचा कसा हे मुलांना एकदा फळ्यावर दाखवा. समजा ओळीत व्ही=०डी, ई=०१०ए आहे. व्ही म्हणजे व्हेक्टर, ०डी म्हणजे जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. ई हा एरर कोड. त्यातला खालून दुसरा बिट १ आहे, म्हणजे तक्रार आयडीटीबद्दल (कोणता इंटरप्ट कुणी हाताळायचा याचा तक्ता) आहे. आता खालचे तीन बिट काढून टाका, उरतं ०एक्स२१. पीआयसी (इंटरप्ट प्रोसेसरकडे पोचवणारी चिप) ०एक्स२० वर हलवलं असेल तर ०एक्स२१ म्हणजे कीबोर्ड. अर्थ लागला: कुणीतरी बटण दाबलं, इंटरप्ट आला, आणि आयडीटीत त्याची नोंदच नाही. कोडकडे न बघता चूक सापडली.

तसंच व्ही=०ई दिसलं तर पेज फॉल्ट. ई=०००२ म्हणजे नसलेल्या पानावर लिहायला गेलो, आणि पत्ता सीआर२ मध्ये आहे. तो पत्ता शून्याजवळचा असेल तर पॉइंटर रिकामा होता.

जुळे_सोलापूर
आणि व्ही=०८?

हातमाग
त्याचे दोन अर्थ, आणि इथेच बहुतेक जण फसतात. आधीच्या ओळीत दुसरा फॉल्ट असेल तर तो खरा डबल फॉल्ट. आधी काहीच नसेल आणि ‘सर्व्हिसिंग हार्डवेअर इंट=०एक्स०८’ दिसत असेल तर तो टायमर आहे! बायोस आयआरक्यू० ला (टायमरची इंटरप्ट ओळ) व्हेक्टर ८ वर ठेवून जातं, आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये ८ हा डबल फॉल्टचा आकडा. पीआयसी न हलवता ‘एसटीआय’ (इंटरप्ट चालू करणारी सूचना) केलं की पहिल्याच टिकला हे होतं.

टायमर एकदाच वाजून गप्प झाला तर पीआयसीला ईओआय (इंटरप्ट संपल्याचा इशारा) गेलेलं नाही: पोर्ट ०एक्स२० वर ०एक्स२० लिहा. आयआरक्यू ८ किंवा त्यापुढचा असेल तर आधी ०एक्सए० वरही. १०० हर्ट्झसाठी पीआयटीचा (टायमर चिप) भाजक ११९३२ (मूळ वारंवारता ११९३१८२ हर्ट्झ).

निळी_चादर
हा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला.

सिरीयलबद्दल थोडं. क्यूएमूत ०एक्स३एफ८ वर नुसता बाइट लिहिला तरी टर्मिनलवर उमटतो, त्यामुळे मुलं पोर्टची तयारी करत नाहीत. पुढे दुसरीकडे गेल्यावर अडू नये म्हणून पहिल्या दिवसापासून नीट लिहून घ्या: +१ वर ०, +३ वर ०एक्स८०, +० वर ३, +१ वर ०, +३ वर ०एक्स०३, +२ वर ०एक्ससी७, +४ वर ०एक्स०बी. म्हणजे ३८४०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही. लिहिण्याआधी +५ मधला ०एक्स२० बिट १ होईपर्यंत थांबा. कर्नलच्या पहिल्या ओळीत, जीडीटीच्याही (मेमरी सेगमेंटांचा तक्ता) आधी, हे चालायला हवं. स्क्रीन नंतर.

सात_रस्ता
एक वेगळं मत मांडतो. आज नवीन मशीन सगळी यूईएफआयची. ०एक्सबी८००० वर अक्षरं लिहायला शिकवून काय उपयोग? यूईएफआयमध्ये तो मजकूर मोडच नाही. ओव्हीएमएफ (व्हर्च्युअल मशीनसाठीचं यूईएफआय) फर्मवेअर क्यूएमूला दोन पीफ्लॅश फाइलींनी द्यायचं: कोडची फाइल फक्त-वाचनाची, व्हेरिएबलची स्वतःची वेगळी प्रत. फॅट विभागावर ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ ठेवलं की सुरू. किंवा लिमाइन बूटलोडर घ्या, तो फ्रेमबफर (स्क्रीनच्या पिक्सेलांची मेमरी) हातात आणून देतो.

नाहीतर एक्स८६ सोडून सरळ रिस्क-फाइव्ह प्रोसेसर. एमआयटीचं शिकवण्यासाठीचं एक्सव्ही६ आता त्यावरच आहे. क्यूएमूच्या ‘व्हर्ट’ मशीनमध्ये सिरीयल ०एक्स१००००००० वर, रॅम ०एक्स८००००००० पासून. ए२० नाही, रिअल मोड नाही, पीआयसी नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती प्रोसेसरही रिस्क-फाइव्हच आहे.

भुईकोट
सात_रस्ता, रिस्क-फाइव्हचं म्हणणं मनापासून पटतं. पण मुलांच्या थिअरीच्या पेपरात सेगमेंट, जीडीटी, आयडीटी एक्स८६ चे आहेत. प्रात्यक्षिक त्याच्याशी तुटलं तर दोन्ही अर्धवट राहतील. पहिल्या चार प्रात्यक्षिकांना ८० बाय २५ ची मजकूर स्क्रीन बरी: दोन बाइटला एक अक्षर, पहिला अक्षराचा, दुसरा रंगाचा, लगेच दिसतं. फ्रेमबफर नंतर.

शेंगा_लाडू
कर्नलच्या स्क्रीनवर ‘नमस्कार सोलापूर’ मराठीत दाखवता येईल का? प्रदर्शनात पालक येतात, त्यांना ते बघून कौतुक वाटेल.

गड्डा_यात्री
येईल, आणि जरूर करावं! मजकूर मोडमध्ये नाही, तिथे २५६ ठरावीक चौकटी, ‘स्का’ जोडायची सोय नाही. ग्रबकडून १०२४ बाय ७६८, ३२-बिट फ्रेमबफर मागा (म्हणजे आयएसओतूनच बूट करायचं, वर हातमाग यांनी ‘-कर्नल’ची अट सांगितलीच आहे). अक्षरजुळणीचं इंजिन कर्नलमध्ये लिहायला जाऊ नका. होस्टवर (बाहेरच्या खऱ्या मशीनवर) ती ओळ चांगल्या फाँटमध्ये काळ्या-पांढऱ्या चित्रात उतरवा, ३२० बाय ३२ पिक्सेल म्हणजे एका पिक्सेलला एक बिट धरून १२८० बाइट, ते सी च्या ॲरेत घाला आणि बिट बघून पिक्सेल लिहा. पुढची ओळ शोधताना रुंदी गुणिले ४ करू नका, ग्रबने दिलेला ‘पिच’ वापरा. दोन्ही सारखे असतीलच असं नाही, आणि नसले की अक्षरं तिरकी पसरतात.

शेंगा_लाडू
वा! हे आमच्या गटाने घेतलं.

होटगीकर
डिस्कवरून फाइल वाचण्याचं राहिलं. आयएसओतून बूट केल्यावर ०एक्स१एफ० वरून आयएसओतली फाइल वाचता येईल ना?

निळी_चादर
नाही. सीडी एटापीआय ही वेगळी आज्ञांची भाषा बोलते, आणि क्यूएमूत ती दुसऱ्या वाहिनीवर (०एक्स१७०) असते. वेगळी डिस्क जोडा: ‘-ड्राइव्ह फाइल=डिस्क.आयएमजी,फॉरमॅट=रॉ,इफ=आयडीई -बूट डी’. ‘फॉरमॅट=रॉ’ विसरलात तर क्यूएमू इशारा देतं आणि ब्लॉक ० वर लिहिण्यावर बंधन घालतं. बूट सेक्टर लिहिणाऱ्यांची तिथे विकेट पडते. होस्टवरून ‘डीडी’ने इमेजमध्ये काही टाकताना ‘कॉन्व्ह=नोट्रंक’ द्या, नाहीतर इमेज तिथेच कापली जाते.

पण डिस्क ड्रायव्हर जमेपर्यंत मुलांना अडवू नका. फाइलींची टार करा आणि ग्रबच्या कॉन्फिगमध्ये ‘मॉड्यूल /बूट/फाइल्स.टार’ लिहा. ग्रब ती मेमरीत ठेवतं आणि पत्ता मल्टिबूटच्या माहितीत देतं. टारचं वाचन सोपं: ५१२ बाइटचं हेडर, सुरुवातीला नाव, १२४ व्या बाइटपासून आकार (अष्टमान आकड्यांत, मजकूर म्हणून), २५७ व्या बाइटला ‘यूस्टार’. पुढची फाइल आकाराला ५१२ च्या वरच्या पटीत नेऊन सापडते. एका बैठकीत मुलं ‘एलएस’ आणि ‘कॅट’ लिहितात.

भुईकोट
व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांसाठी: रॉ इमेज थेट चालत नाही, ‘व्हीबॉक्समॅनेज कन्व्हर्टफ्रॉमरॉ’ने व्हीडीआय करावी लागते, आणि दर वेळी नवी केली की यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) जुळत नाही म्हणून अडतं. आज्ञेला ‘--यूयूआयडी’ देऊन तोच क्रमांक कायम ठेवा. आयएसओला ही कटकट नाही, फाइल त्याच जागी बदलली तरी पुढच्या सुरुवातीला नवीच वाचली जाते. ट्रिपल फॉल्ट झाला की ‘गुरू मेडिटेशन’ची खिडकी येते, मशीनच्या लॉग फोल्डरमधल्या व्हीबॉक्स.लॉगमध्ये सगळी रजिस्टर लिहिलेली असतात.

कडक_भाकरी
आता सोलापूरचा प्रश्न. एप्रिलमध्ये लॅबात तीस मशीन, बाहेर बेचाळीस अंश, आणि प्रत्येक पंखा बोंबलतोय. हे कर्नलमुळे होतं की उन्हामुळे?

हातमाग
कर्नलमुळे, आणि उपाय एका सूचनेचा आहे. शेवटी नुसतं ‘फॉर(;;);’ लिहिलेलं असतं, म्हणजे गेस्ट रिकामा असूनही होस्टचा एक कोअर १०० टक्के फिरत राहतो. टीसीजी असो वा केव्हीएम, दोन्हीकडे तेच. रिकाम्या वेळी ‘एसटीआय’ आणि लगेच ‘एचएलटी’, हे चक्रात ठेवा. गेस्ट पुढच्या इंटरप्टपर्यंत झोपतो आणि कोअर मोकळा होतो. दोन्ही सूचना लागोपाठच हव्यात: एसटीआयचा परिणाम पुढची सूचना झाल्यावरच सुरू होतो, त्यामुळे मधल्या फटीत इंटरप्ट निसटत नाही. ‘सीएलआय, एचएलटी’ फक्त पॅनिकसाठी. टायमर चालू होईपर्यंतच्या प्रात्यक्षिकांतही तेच शेवटी ठेवा, पंखे शांत राहतील.

सात_रस्ता
लाइट गेली तर? यूपीएस सगळ्या मशीनला नसतो.

पार्क_चौक
सोर्स गिटमध्ये आणि दिवसातून दोनदा दुसऱ्या मशीनवर पुश. इमेजची चिंता करू नका, ती ‘मेक’ने पुन्हा बनते. फाइल सिस्टिमची प्रात्यक्षिकं ‘-स्नॅपशॉट’ देऊन चालवा, सगळं लिखाण तात्पुरत्या फाइलीत जातं आणि बंद केल्यावर मूळ डिस्क जशीच्या तशी. क्यूकाऊ२ वापरत असाल तर लाइट आल्यावर आधी ‘क्यूएमू-आयएमजी चेक’.

होटगीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. हे ठरवतोय: दोन्हीकडे उबुंटू (विंडोजवर डब्ल्यूएसएल२), आय६८६-ईएलएफ क्रॉस कंपायलर एकदा बनवून सगळ्यांना कॉपी, रोज क्यूएमू टीसीजीवर, पहिलं प्रात्यक्षिक सिरीयल, दुसरं मजकूर स्क्रीन, मग आयडीटी-पीआयसी-टायमर, कीबोर्ड, टार, आणि शेवटी आयडीई. प्रत्येक टप्प्याची आयएसओ व्हर्च्युअलबॉक्सवर चालली तरच गुण. एकच राहिलं: साठ जणांची तपासणी हाताने कशी करू?

गड्डा_यात्री
हाताने करू नका. क्यूएमूला ‘-डिव्हाइस आयएसए-डीबग-एक्झिट,आयओबेस=०एक्सएफ४,आयओसाइझ=०एक्स०४’ द्या. गेस्टने पोर्ट ०एक्सएफ४ वर संख्या लिहिली की क्यूएमू तिची दुप्पट अधिक १ हा एक्झिट कोड देऊन बंद होतं. मुलांच्या चाचणीने यशावर ०एक्स१० लिहायचं, अपयशावर ०एक्स११. स्क्रिप्टमध्ये ३३ आला तर पास, ३५ आला तर नापास. ‘-डिस्प्ले नन’ लावा, सिरीयल ‘-सिरीयल फाइल:रोलनंबर.टीएक्सटी’मध्ये वळवा, म्हणजे नापास झालेल्याला कारणही देता येईल. पुढे ‘टाइमआउट २०’ लावा: लटकलेल्या कर्नलला १२४ कोड येतो. तपासणीच्या ओळीत ‘-नो-शटडाउन’ मात्र ठेवू नका, नाहीतर ट्रिपल फॉल्ट झालेली मशीन थांबून राहील आणि क्रॅश झालेलं कर्नलही लटकलेल्यांतच मोजलं जाईल. नुसतं ‘-नो-रीबूट’ ठेवा, म्हणजे क्रॅशला ० येईल आणि वेगळा ओळखता येईल.

होटगीकर
उत्तम. टाइमआउट टीसीजीवर २० सेकंद पुरतील? ग्रबचा मेनूच पाच सेकंद थांबतो.

गड्डा_यात्री
कॉन्फिगमध्ये ‘सेट टाइमआउट=०’ लिहा, किंवा तपासणी ‘-कर्नल’नेच करा. दोन्हीत २० भरपूर.